वाफेची गादी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला पंधरा वर्षे पूर्ण होऊन सोळावे लागले. एरवी आमच्याकडे वाढदिवस म्हणजे सकाळी औक्षण, दुपारी श्रीखंड-पुरी आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांना केक व चिवडा. या वेळी मात्र तिच्या वडिलांनी आम्हा सर्वांना पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेले. मंद दिवे, टेबलावर पांढरेशुभ्र कापड, घडी घालून उभे केलेले रुमाल आणि एकामागून एक येणारे पदार्थ! आजीला तर काटे-चमचे इतके कशाला, हेच कोडे पडले होते.

जेवण उत्तम झाले. पण ते माझ्या कायम लक्षात राहील ते चवीमुळे नव्हे. शेवटचा गोड पदार्थ आला तेव्हा मला भाचीचा हात मनगटाशी पकडून मागे ओढावा लागला. वाढदिवसाच्या दिवशी, सगळ्यांसमोर! ती रागावली, आणि रागाच्या भरात तिने मला असा प्रश्न विचारला की पंचवीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणारा मी क्षणभर गप्प झालो.

तो प्रश्न आणि त्याचे उत्तर तुमच्यापुढे ठेवायचे आहे. पण त्यासाठी आधी त्या जेवणातले दोन पदार्थ पाहिले पाहिजेत. तीन पदार्थांत मिळून विज्ञानाचे तत्त्व एकच आहे.

पहिला पदार्थ : नाचणारे थेंब

प्रथम आला सिझलर. लाकडी पाटावर ठेवलेला बिडाचा तापलेला तवा, त्यावर भाज्या आणि भात. तवा टेबलावर आला तोच चुरचुरत आणि धुराचे लोट सोडत. भाचीने पेल्यात बोटे बुडवून तव्याच्या रिकाम्या कडेवर चार थेंब उडवले. तुम्हाला काय वाटते, थेंब लगेच नाहीसे झाले असतील? मुळीच नाही. ते मोत्यांसारखे गोल झाले आणि कडेवरून इकडून तिकडे पळू लागले. पाच-सात मिनिटांनी तिने पुन्हा थेंब उडवले. आता तवा बराच निवला होता. या वेळी ‘चर्र’ असा आवाज झाला आणि थेंब क्षणात उडून गेले.

आहे की नाही गंमत? जास्त तापलेल्या तव्यावर पाणी जास्त वेळ टिकले आणि कमी तापलेल्या तव्यावर चटकन संपले!

या गोष्टीचा बारकाईने अभ्यास करून तिचे वर्णन लिहिले ते योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने, १७५६ साली. त्याने लोखंडाची पळी लाल होईपर्यंत तापवली, तिच्यात पाण्याचा एक थेंब सोडला आणि लंबकाच्या साहाय्याने वेळ मोजला. थेंब अर्धा मिनिटाहून अधिक टिकला. म्हणून या घटनेला आज ‘लायडेनफ्रॉस्ट परिणाम’ असे म्हणतात.

कारण असे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. तवा त्याहून थोडासाच अधिक तापलेला असेल, तर थेंब तव्याला चिकटतो, पसरतो आणि सगळ्या तळाने उष्णता घेऊन भराभर उकळून जातो. पण तवा सुमारे २०० अंशांच्या पुढे गेला की तव्याला टेकता टेकताच थेंबाच्या तळाची वाफ होते. ही वाफ थेंबाला उचलून धरते. आता थेंब तव्यावर बसलेला नसतो, तर वाफेच्या गादीवर तरंगत असतो. ही गादी केवळ एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड असते. पण पाण्याच्या मानाने वाफेतून उष्णता वीसपटीहूनही कमी वेगाने वाहते. म्हणजे गादी पातळ असली तरी राखणदार म्हणून जबरदस्त! तव्याची उष्णता थेंबापर्यंत पोहोचते, पण रखडत रखडत. शिवाय गादीमुळे घर्षण जवळजवळ नसते, म्हणून थेंब असे घरंगळतात.

घावन घालण्यापूर्वी आई तव्यावर पाणी शिंपडून पाहते, ते आठवा. थेंब नुसते चुरचुरले तर तवा बेताचा तापला आहे आणि थेंब गोळ्या होऊन पळाले तर फार तापला आहे. लायडेनफ्रॉस्टचे नावही न ऐकलेल्या कितीतरी गृहिणी त्याच्या शोधाचा रोज उपयोग करतात.

दुसरा पदार्थ : भट्टीतून आलेले आइस्क्रीम

यानंतर एक गोड पदार्थ आला. त्याचे नाव ‘बेक्ड अलास्का’. अलास्का म्हणजे अमेरिकेच्या वायव्य टोकाचा हिमाच्छादित प्रदेश. तेव्हा नावाचा सरळ अर्थ ‘भाजलेले अलास्का’! खाली केकचा थर, त्यावर आइस्क्रीमचा गोळा आणि त्यावर सगळीकडून लिंपलेला, साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा जाड फेस. हे सर्व सुमारे २३० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत तीन-चार मिनिटे ठेवतात. बाहेरचा फेस बदामी रंगाचा खरपूस होतो, आणि सुरीने कापले तर आत आइस्क्रीम जसेच्या तसे घट्ट! अंडे आहे म्हणून आजीने त्याला हात लावला नाही, पण वाकून वाकून पाहिले मात्र खरे.

आइस्क्रीम वितळले कसे नाही? इथे वाफेची गादी नाही, हवेची आहे. अंड्याचा बलक फेटताना त्यात असंख्य बारीक बुडबुडे अडकतात. फेसाचा बहुतेक भाग म्हणजे हवाच. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. मोकळ्या हवेत प्रवाह निर्माण होतात आणि ते उष्णता इकडून तिकडे नेतात. पण इवल्याशा बुडबुड्यात कोंडलेल्या हवेला हलता येत नाही. अशा कोंडलेल्या हवेतून उष्णता आत शिरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण पदार्थ भट्टीतून बाहेर काढलेला असतो. केकचा सच्छिद्र थरही खालून हेच काम करतो. म्हणजे उष्णता कायमची अडवलेली नाही, फक्त तिला उशीर करवला आहे. पदार्थ आणखी पंधरा मिनिटे भट्टीत राहिला असता तर आइस्क्रीमचे दूध झाले असते.

कोंडलेल्या हवेचा हा गुण नीट तपासला तो काउंट रम्फर्डने. लोकर, रेशीम, कापूस, पिसे अशा वस्तूंतून उष्णता किती सावकाश जाते हे त्याने मोजले. ऊब देतो तो धागा नव्हे, तर धाग्यांमध्ये अडकलेली हवा, असे त्याने दाखवले. उष्णतेवरील या संशोधनासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १७९२ साली त्याला कोपली पदक दिले. आपली गोधडी आणि बेक्ड अलास्का या दोघी अशा मावसबहिणी आहेत!

पुढे १७९९ साली रम्फर्डच्याच पुढाकाराने लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन झाली. तिथेच १९६९ साली निकोलस कुर्ती या शास्त्रज्ञाने ‘स्वयंपाकघरातील पदार्थवैज्ञानिक’ या विषयावर प्रयोगांसह व्याख्यान दिले. कुर्ती हे अतिशीत तापमानांचे तज्ज्ञ. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत १९५६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्यातील अणुकेंद्रके निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक दशलक्षांश भागापर्यंत थंड केली होती. दूरच्या ग्रहांच्या वातावरणाचे तापमान आपण मोजतो, पण स्वयंपाकघरातल्या पदार्थाच्या पोटात काय चालले आहे ते पाहत नाही, याची त्यांना खंत वाटे. त्या व्याख्यानात त्यांनी बेक्ड अलास्का उलटे करून दाखवले : बाहेर बर्फासारखे गार आणि आत गरमागरम! त्यासाठी त्यांनी सूक्ष्मतरंगांची भट्टी वापरली. गोठलेला बर्फ सूक्ष्मतरंग फारसे शोषत नाही, आतले गोड सारण मात्र ते शोषून तापते. तात्पर्य, उष्णतेची वाट कुठून जाते हे ज्याला कळले, तो एकाच ताटात उन्हाळा आणि हिवाळा शेजारी शेजारी वाढू शकतो.

तिसरा पदार्थ आणि भाचीचा प्रश्न

यानंतर वाढदिवसाच्या मुलीसाठी हॉटेलकडून खास भेट आली. काचेच्या खोल वाडग्यात फळांचे तुकडे आणि कुरकुरीत गोळ्या. वाढप्याने एका लांब दांड्याच्या भांड्यातून त्यावर पाण्यासारखा काहीतरी पातळ पदार्थ ओतला. एकदम पांढऱ्या धुराचा लोट उसळला, वाडग्याच्या काठावरून खाली उतरला आणि टेबलभर पसरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाढपी उत्साहाने म्हणाला, “लगेच खा, ताई. नाकातोंडातून धूर निघतो!”

भाचीने चमचा बुडवला. चमच्यात गोळीबरोबर तो पातळ पदार्थही आला, अजून उकळत होता. तो तोंडाशी जाणार इतक्यात मी तिचा हात धरला.

“मामा, काय हे!” ती म्हणाली. “नायट्रोजनच आहे ना? हवेत चार पंचमांश तोच असतो, आपण श्वासाबरोबर घेतोच की. आणि तूच नाही का विज्ञानदिनाला कॉलेजात सगळ्यांसमोर तो हातावर ओतून घेतलास? तुला तर काहीच झालं नाही!”

तिचे म्हणणे खरे होते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आमच्या प्रदर्शनात मी द्रव नायट्रोजनचे प्रयोग दाखवतो. फूल बुडवून काचेसारखे फोडतो, आणि शेवटी थोडासा द्रव उघड्या तळहातावरून ओघळू देतो. मुले श्वास रोखून पाहतात. भाचीनेही पाहिले होते, आणि त्यातून तिने जो धडा घेतला होता तो चुकीचा होता. चूक तिची नव्हती. प्रयोग अर्धाच समजावून सांगणाऱ्या शिक्षकाची होती.

हातावर चालते, मग तोंडात का नाही?

नायट्रोजन वायू पुरेसा थंड केला की त्याचा पाण्यासारखा रंगहीन द्रव होतो. पोलंडमधील क्राकाव येथे व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी १८८३ साली हे प्रथम नीट साधले. हा द्रव शून्याखाली १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. आपल्या त्वचेचे तापमान ३४ अंशांच्या आसपास असते. म्हणजे नायट्रोजनच्या उकळबिंदूपेक्षा आपला तळहात सुमारे २३० अंशांनी अधिक तापलेला आहे! पाण्याच्या भाषेत सांगायचे तर हा जणू ३३० अंशांचा तवा झाला. आता सांगा, अशा तव्यावर थेंबाचे काय होईल?

बरोबर. तो नाचेल. द्रव नायट्रोजनचा थेंब तळहाताला टेकता टेकताच त्याच्या तळाचा वायू होतो, त्या वायूची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावरून घसरून खाली पडतो. सिझलरच्या तव्यावर जी गादी थेंबाचे तव्यापासून रक्षण करत होती, तीच इथे माझ्या हाताचे थेंबापासून रक्षण करते.

पण ही गादी टिकण्यासाठी अटी आहेत. हात उघडा आणि उताराचा हवा. द्रव थोडा हवा आणि तो क्षणभरच टेकला पाहिजे. तळहाताची ओंजळ केली, बोटात अंगठी असली किंवा बाहीचे कापड त्या द्रवाने भिजले तर द्रव एका जागी अडकतो. त्वचा थंड होत जाते, गादी मोडते आणि द्रव सरळ त्वचेला भिडतो. मग काही सेकंदांत मांस गोठून भाजल्यासारखी जखम होते. तोंडात तर यातली एकही अट पाळली जात नाही. जीभ, गाल आणि टाळू यांच्यामध्ये द्रव दाबला जातो. त्याला घरंगळून जायला वाट कुठे आहे?

आणि तो गिळला तर? इथे दुसरे संकट येते, पहिल्याहून मोठे. आपण गणितच करू. द्रव नायट्रोजनचे एक घन सेंटिमीटर सुमारे ०.८ ग्रॅम भरते. चहाच्या एका चमच्यात ५ घन सेंटिमीटर, म्हणजे ४ ग्रॅम. रसायनशास्त्रात तुम्ही शिकला आहात की २८ ग्रॅम नायट्रोजन शून्य अंशाला आणि सामान्य दाबाला २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणून ४ ग्रॅम नायट्रोजन ३.२ लिटर जागा व्यापेल. शरीराच्या ३७ अंश तापमानाला हे आकारमान साडेतीन लिटरच्या पुढे जाते. मोठ्या माणसाच्या जठरात भरल्यापोटी लिटर-दीड लिटर मावते. चहाच्या एका चमच्यातला द्रव पाहता पाहता साडेतीन लिटर वायू होऊ पाहतो. ढेकर देऊन तो सगळा बाहेर पडेल अशी खात्री नाही, आणि थंडीने आधीच दुखावलेले जठर फाटू शकते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली एका तरुणीने आपल्या अठराव्या वाढदिवशी असेच धूर निघणारे पेय प्यायले. तिचा जीव वाचवण्यासाठी शस्त्रवैद्यांना तिचे जठर काढून टाकावे लागले. पुढे २०१५ साली पेय देणाऱ्या उपाहारगृहाला न्यायालयाने दंड केला. आपल्याकडेही दिल्लीजवळच्या गुरुग्राममध्ये २०१७ साली एका माणसाच्या जठराला अशाच पेयाने भोक पडले. तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ साली तर बजावलेच, की पदार्थातला द्रव नायट्रोजन पूर्णपणे उडून गेल्याखेरीज तो गिऱ्हाइकाला देऊ नये.

त्याच वर्षी गुरुग्राममधल्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून चुकून ‘कोरडा बर्फ’ दिला गेला. कोरडा बर्फ म्हणजे शून्याखाली ७८ अंशांचा घन कार्बन डायॉक्साइड. तो खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. हा पदार्थही दिसायला बर्फच, पण तोंडात घालण्याचा नव्हे.

मग द्रव नायट्रोजन वाईट का?

तसे मुळीच नाही. तो विषारी नाही, त्याला वास नाही, चव नाही. पुरता उडून गेला की पदार्थात त्याचे काहीच उरत नाही. आइस्क्रीम करायला तो फार चांगला. आपण घरी पॉटचे आइस्क्रीम करतो तेव्हा बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने दूध हळूहळू गोठते. सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि ते जिभेला कचकचीत लागतात. द्रव नायट्रोजनने दूध इतक्या झटपट गोठते की स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही, म्हणून आइस्क्रीम लोण्यासारखे मऊ होते. जेवणाच्या टेबलावरच द्रवरूप हवेने आइस्क्रीम करता येईल, ही कल्पना अ‍ॅग्नेस मार्शल या इंग्रज पाककृती-लेखिकेने १९०१ सालीच मांडली होती.

खेड्यात राहणाऱ्या वाचकांनी हा द्रव ज्यात ठेवतात ती भांडी पाहिलीही असतील. पशुवैद्यकीय दवाखान्यात अरुंद तोंडाचे अ‍ॅल्युमिनियमचे मोठे भांडे असते. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारे वीर्य त्यात द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. झाकण काढले की त्यातूनही असाच पांढरा धूर बाहेर येतो.

हा धूर म्हणजे नायट्रोजन, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नायट्रोजन वायू हवेइतकाच अदृश्य. आसपासच्या हवेतली वाफ त्या थंडीने संघनित होऊन तिचे सूक्ष्म जलकण बनतात. पांढरे दिसतात ते हे जलकण. थोडक्यात, तो धूर नाही, धुके आहे. थंड हवा जड असल्यामुळे ते खाली उतरते. पण या धुक्याचा आपल्याला फार उपयोग आहे. वाडग्यातून ते जोराने उसळत आहे याचा अर्थ तळाशी द्रव अजून उकळत आहे. ते पूर्ण थांबले आणि तळाशी द्रवाचा थेंबही दिसेनासा झाला, की मगच चमचा उचलायचा. तेव्हाही फार थंड गोळी तोंडात टाकण्यापूर्वी क्षणभर थांबलेले बरे.

एवढे सगळे मी टेबलावर सांगितले, अर्थात थोडक्यात. आजी सर्वांत आधी म्हणाली, “म्हणजे गरम दुधासारखंच झालं, निवू द्यावं!” मुख्य आचारी बाहेर आले, त्यांनी वाडगा पाहिला आणि वाढप्याला बाजूला घेऊन समज दिली. दोन-तीन मिनिटांत उकळी थांबली, धुके विरले. आणखी थोडे थांबून भाचीने पहिला चमचा खाल्ला. नाकातून धूर आला नाही. पण फळे छान गार लागत होती.

घरी परतताना ती म्हणाली, “मामा, पुढच्या विज्ञानदिनाला हात दाखवशील तेव्हा हे जठराचं गणितही फळ्यावर लिही.”

लिहिणार आहे. आधी गणित, मग हात.

घरी करून पाहा

(१) वडील माणसांना सोबत घेऊन लोखंडी तवा तापवा. निर्लेप तवा घेऊ नका. तवा तापत असताना दर अर्ध्या मिनिटाने चमच्याने पाण्याचा एक थेंब दुरून सोडा. थेंब किती सेकंद टिकतो ते घड्याळात पाहून लिहून ठेवा. तवा तापत जातो तशी ही वेळ आधी कमी होते आणि मग एकदम वाढते. ती केव्हा वाढते?

(२) बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक ताटलीत उघडा ठेवा, दुसरा लोकरीच्या कोरड्या मफलरमध्ये गुंडाळा. कोणता आधी वितळेल याचा अंदाज आधी लिहा, मग पाहा. ‘लोकर गरम असते’ असे आपण म्हणतो. हा प्रयोग केल्यावरही तसेच म्हणाल का?